शिवप्पा ब्रदरांचे तेवीस आजार

शिवप्पा ब्रदरांना झालेल्या आजारांची मी एकदा यादी केली होती. सोलापुरात, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला तेव्हा चार महिने झाले होते, आणि जे दिसेल ते नोंदवून ठेवण्याची सवय इतकी अंगात भिनली होती की माणसेही त्यातून सुटत नसत. यादी तेवीसवर थांबली. क्षय, मूळव्याध, हर्निया, मुतखडा, दोन जातींची कावीळ, एक अर्धांगवायू. त्यांतला एक आजार फक्त तान्ह्या मुलांना होतो. दुसरा एक असा की, आमच्या पाठ्यपुस्तकाच्या मते, तो झालेला माणूस नंतर कुणाला सांगायला उरत नाही. ब्रदर मात्र उरले होते. पन्नाशी ओलांडली होती तरी वॉर्डाचा जिना एका दमात चढत होते.

परिचारिकेला सिस्टर म्हणतात, तसे पुरुष परिचारकाला आमच्याकडे ब्रदर म्हणत. शिवप्पा अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि वॉर्डात समोरच्याची असेल ती भाषा. विणकरांशी तेलुगू, टांगेवाल्यांशी दख्खनी. आणि या सगळ्या भाषा ते कन्नडच्या चालीवर बोलत, त्यामुळे प्रत्येकाला वाटे, हा आपल्यातलाच, फक्त थोडा लांबच्या गावचा. बुटका बांधा, सदऱ्याच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, आणि वरच्या खिशात टोपण हरवलेले निळे बॉलपेन. त्या खिशाच्या तळाशी कायम एक निळा डाग असे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘अक्का’ म्हटले. ‘डॉक्टरीणबाई’ म्हटले की माणूस दूर जातो आणि ‘पोरी’ म्हटले की औषधाचा धाक राहत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

नवा रोगी खाटेवर टेकला की ब्रदर त्याच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधत आणि हवा भरता भरता सहज विचारत, काय होतंय. रोगी आढेवेढे घेत काहीतरी सांगे. मग पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत ब्रदर म्हणत, “हे मला झालं होतं.” पुढच्या पाच मिनिटांत रोगी त्यांना जे सांगे, ते मला केसपेपरवर तीन दिवसांतही मिळत नसे.

एकदा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात खाट नाही म्हणून आमच्याकडे ठेवलेला सांगोल्याकडचा एक मेंढपाळ हर्नियाचे ऑपरेशन नको म्हणून अडून बसला. ब्रदरांनी नेहमीप्रमाणे आपला हर्निया पुढे केला. मेंढपाळ पक्का व्यवहारी होता. मेंढीचे दात पाहिल्याशिवाय तो मेंढी घेणारा नव्हता.

“टाका दावा की मग,” तो म्हणाला.

सगळा वॉर्ड कान टवकारून होता. ब्रदरांचा चेहरा जराही हलला नाही. “माझा डॉक्टर लई हुशार. टाका राहिलाच न्हाय.”

“मग त्या डॉक्टरकडंच धाडा मला.”

वॉर्ड हसला, मेंढपाळही हसला आणि हसत हसतच त्याने संमतिपत्रावर अंगठा उठवला. संध्याकाळी मी ब्रदरांना सुनावले की, रोग्याशी खोटे बोलणे शास्त्रीय नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “अक्का, माणूस एकटा आजारी पडला की घाबरतो. दोघं असले की गप्पा सुरू होतात.”

त्यांची दुसरी सवय पायांची. रक्तदाब मोजून झाला की ते रोग्याचे पाऊल दोन्ही हातांत घेत, डोळे मिटत आणि पावलाच्या वरच्या अंगाला दोन बोटे टेकवून नाडी शोधत. हाताची नाडी कुणीही पाहतो. पायाची नाडी पाहणारे आमच्या वॉर्डात ते एकटेच. सापडली की त्या जागी निळ्या पेनाने ठिपका काढत, म्हणजे मागून येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना चाचपडावे लागू नये. आमचे रोगी घरी जाताना दोन्ही पावलांवर निळे ठिपके घेऊन जात. पुढे मंगळवारच्या बाजारात एखाद्या भाजीवाल्याच्या उघड्या पायावर फिकट निळा ठिपका दिसला की मी ओळखत असे: हा आपला.

एखाद्या पावलावर ठिपका काढता आला नाही, तर मात्र ब्रदर गंभीर होत. असा रोगी मूत्रपिंडाचा असला तर ते पडदा ओढून घेत आणि आणखी एक गोष्ट विचारत. ती गोष्ट काय, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हते.

माझा प्रबंध त्याच विषयाजवळचा होता. मूत्रपिंडाच्या विकारात रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे काय होते, हे मला तपासायचे होते. मूत्रपिंड म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गाठोडेच. ते बिघडले की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब ते आणखी बिघडवतो. हे चक्र गोळ्यांनी थांबवता आले तर माणूस वर्षानुवर्षे कामावर जातो. नाही आले तर रक्त शुद्ध करणारे यंत्र लागते. ते यंत्र तेव्हा मुंबईला होते, म्हणजे आमच्या रोग्यांच्या दृष्टीने चंद्रावर. मी एक्केचाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती. सत्ताविसावा प्रश्न वैवाहिक जीवनाचा होता. मूत्रपिंडाच्या विकारात पुरुषांची लैंगिक क्षमता मंदावते, एवढे परदेशी नियतकालिकात वाचून मी तो घातला होता आणि माझ्या धाडसावर मी खूश होते. सोळा रोग्यांना मी तो मान वर न करता विचारला. सोळाही जणांनी मान वर न करता उत्तर दिले: ठीक.

आमचे सर, म्हणजे युनिटचे प्रमुख, म्हणाले, तो प्रश्न काढून टाका, त्यातून काही निघत नाही. ब्रदरांनी माझे कागद चष्मा कपाळावर चढवून पाहिले.

“सोळापैकी सोळा ठीक?” ते म्हणाले. “मग दवाखान्यात आले कशाला?”

माझा सतरावा रोगी अंबादास. जातीचा विणकर, वय बत्तीस, एका कापड गिरणीत कायम रातपाळीला. मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक गेलेली. लग्नाला सहा वर्षे, एक मुलगी. त्याचा रक्तदाब आटोक्यात आला तर उरलेले मूत्रपिंड टिकणार होते. नाही तर वर्षभरात काय होणार, हे सरांनी त्याला स्वच्छ सांगितले होते. त्याने ते हात जोडून ऐकले होते. गोळ्या वेळेवर घेतो का, या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले: “घेतो की.”

अभ्यासासाठी मी रोग्यांना सोमवारी आणि गुरुवारी बोलावत असे. अंबादासचे आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले, तेव्हा करवतीसारखे दाते दिसले. गुरुवारी दाब बरा, सोमवारी भडकलेला; पुन्हा गुरुवारी बरा, पुन्हा सोमवारी भडकलेला. दोन महिने एकही दाता चुकला नाही. इतका सुबक आलेख आयुष्यात पहिल्यांदाच हाती आल्यामुळे मी त्याच्या प्रेमात पडले. गिरणीची रातपाळी शनिवारी आणि रविवारी बंद. रविवारी घरी मटण होणार, शेंगांची चटणी होणार, मीठ पोटात जाणार आणि सोमवारी दाब चढणार. माझ्या डोक्यात निबंधाचे शीर्षकसुद्धा तयार झाले होते.

मी अंबादासच्या बायकोला बोलावून घेतले. लक्ष्मी नाव. ठसठशीत कुंकू, कडेवर मुलगी. मिठाचे माझे व्याख्यान तिने शेवटपर्यंत ऐकले.

“मीठ बंद करून दोन महिने झाले, बाई,” ती म्हणाली. “मटण तर न्हाईच. घरात आता सासरेबी अळणी खातात. त्यांना तर काय झालं बी नव्हतं.”

माझा निबंध तिथेच संपला. दाते मात्र चालूच राहिले. पुढच्या सोमवारी दाब एकशे नव्वदच्या वर गेला आणि सरांनी ठरवले, गोळ्या दुप्पट करायच्या. गुरुवारचे आकडे मी त्यांना दाखवले. ते म्हणाले, आपण वाईट आकड्यावर उपचार करतो, चांगल्यावर नाही.

त्याच दिवशी ब्रदरांनी अंबादासचा पडदा ओढला. पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. त्यांना काहीतरी कळले होते आणि ते बोलणार नव्हते. पडद्याआडचे पडद्याआड, हा त्यांचा एकमेव धर्म. मी विचारले, रागावले, शेवटी विनवले. दुप्पट गोळ्यांचा कागद माझ्या हातात होता. ब्रदरांनी तो एकवार पाहिला, खिशातले पेन काढले, परत ठेवले.

“थांबा जरा,” म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

आत तेलुगूत बराच वेळ काहीतरी चालले. मला एवढेच कळत होते की एक आवाज नकार देतो आहे आणि दुसरा घाई करत नाही. मग ब्रदर बाहेर आले आणि त्यांनी एक स्टूल पडद्याला लावून ठेवले, पाठ पडद्याकडे येईल असे.

“तो सांगतो म्हणतो. पण त्याच्याकडं बघायचं न्हाय. तुमी हितं पाठ करून बसा. लिवायचं असलं तर लिवा. पेनाचा आवाज आला तर चालतो त्याला.”

मी बसले. अशा अवस्थेत कुठल्याही पुस्तकाने मला रोग्याचा इतिहास घ्यायला शिकवले नव्हते. समोर वॉर्डाची हिरवी भिंत, पाठीमागे कापडाचा पडदा, आणि पडद्यापलीकडून अंबादासचा आवाज, अडखळत. गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून, तो म्हणाला, आपण नवऱ्यासारखे उरलो नाही. आठवडाभर रातपाळी, घरी बायकोजवळ असतो तो फक्त शनिवार आणि रविवार. म्हणून शनिवार-रविवार गोळ्या घेत नाही. बाकी पाच दिवस शपथेवर घेतो.

“मग त्या दोन दिवसांत फरक पडतो का?” मी भिंतीला विचारले.

“थोडा,” पडदा म्हणाला. मग म्हणाला, “न्हाई पडत.”

करवतीचे सगळे दाते एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. दुप्पट गोळ्या दिल्या असत्या तर पाच दिवस तो चक्कर येऊन मागावर पडला असता, आणि दोन दिवस मूत्रपिंडाने मार खाल्ला असता. माझ्या आलेखात मीठ नव्हते. एका माणसाची लाज होती, अत्यंत नियमितपणे मोजलेली.

ब्रदर पडद्याच्या आत उभे होते. ते म्हणाले, “हे मला झालं होतं, अंबादास. मीबी गोळी बंद केली होती. गोळी गुपचूप बंद करायची नसते, बदलून घ्यायची असते.”

मी सगळे सरांना सांगितले, अंबादासच्या परवानगीने. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, असे प्रश्न आम्हाला कुणी विचारायला शिकवले नाही. पण त्यांनी गोळी बदलली, दुप्पट केली नाही. मी अंबादासला, पुन्हा पाठ करूनच, जे खरे होते ते सांगितले: दोष सगळा गोळीचा नाही, थोडा आजाराचा आहे, थोडा रक्तवाहिन्यांचा आणि थोडा भीतीचा. गोळी बदलता येते. भीती कमी होते. बाकीच्याचे वचन मी देऊ शकत नाही. तो म्हणाला, एवढं तरी कुणी सांगितलं.

ब्रदरांना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांचे म्हणणे, निम्मा आजार बायकोकडे असतो, तिला सांगितल्याशिवाय औषध लागू पडत नाही. अंबादासने होकार दिल्यावर ते काम माझ्याकडे आले. लक्ष्मीला मी शेजारच्या खोलीत बसवून सगळे समजावले. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले, ही रडणार.

“मला वाटलं, ह्यांचं दुसरीकडं लागलं मन,” ती म्हणाली. “वरीसभर मी गिरणीतल्या बायकांची नावं घेऊन भांडले. किडनीच होय?”

आणि ती हसू लागली. तिच्या कडेवरची मुलगीही हसू लागली. गिरणीतल्या सगळ्या निष्पाप बायकांच्या वतीने मीही हसले.

पुढच्या तीन महिन्यांत करवत बोथट झाली आणि मग रेघ सरळ झाली. सगळे पूर्वीसारखे झाले का, हे मी एकदा पडद्याला विचारले. पडदा म्हणाला, “कधी कधी. पण आता भांडण न्हाय.” दिवाळीत लक्ष्मीने डबाभर शेंगांची चटणी आणली. मी आणि ब्रदरांनी मोठ्या अपेक्षेने भाकरीवर घेतली. तिच्यात मिठाचा कणही नव्हता. ब्रदर शेवटच्या घासापर्यंत न बोलता जेवले आणि पाणी पिऊन म्हणाले, “हे मला पहिल्यांदाच झालं.”

पाठ करून बसण्याची ती पद्धत मग आमच्या वॉर्डात रूढ झाली. सत्ताविसावा प्रश्न मी सोळाही जणांना पुन्हा विचारला, पडद्याला पाठ लावून. आता ‘ठीक’ म्हणणारे पाच निघाले. त्या उत्तरांवर माझा प्रबंध उभा राहिला, हे मी कबूल केलेच पाहिजे.

वैरागचे एक शाळामास्तर होते. मूत्रपिंडाचा आजार नुकताच कळलेला, दाब फारसा नाही, छातीत काही नाही. मात्र दोन्ही पावलांवर ठिपका काढता आला नाही. पडद्याआड त्यांनी सांगितले, वर्ष झाले, ते सुख संपले. वयाचा दोष, त्यात दवाखान्याला काय सांगायचे. मास्तर शिकलेले, म्हणून ब्रदरांनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले. “मास्तर, तुमच्या गल्लीत नळाचं पाणी कमी झालं, तर आधी कुणाच्या घरी कळतं?”

“शेवटच्या,” मास्तर म्हणाले.

“मग शेवटच्या घरानं बोंब मारली तर टाकीवाल्यानं ऐकायला नको?”

पाण्यासाठी पहाटे उठून रांगा लावणाऱ्या आमच्या शहराला याहून चांगले शरीरशास्त्र कुणी शिकवले नसेल. बारीक रक्तवाहिन्या आधी अरुंद होतात. हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांची पाळी मागून येते. आम्ही मास्तरांच्या हृदयाचा आलेख काढला. त्यांना न कळता येऊन गेलेल्या एका झटक्याची खूण त्यात होती. त्यांची विडी सुटली, औषध सुरू झाले, आणि दर उन्हाळी सुट्टीत ते वॉर्डात डोकावून ब्रदरांना सांगत: शेवटचं घर अजून तक्रार करतंय, पण टाकी शाबूत आहे.

मला बदली मिळाली त्या दिवशी मी ब्रदरांना ती यादी दाखवली. तेवीस आजार, क्रमाने. त्यांनी बोट फिरवत सगळी वाचली. तान्ह्या मुलांच्या आजाराशी थोडे थबकले.

“ब्रदर, यातला खरोखर एकतरी झाला होता का?”

“एकतरी झाला असेल की, अक्का,” ते म्हणाले. कोणता, ते मात्र सांगितले नाही.

पाच वर्षांनी मी त्याच रुग्णालयात अधिव्याख्याता म्हणून परतले. ब्रदर तोवर निवृत्त होऊन अक्कलकोटला गेले होते. त्यांच्या जागी आलेला ब्रदर तरुण आणि कार्यक्षम होता. त्याच्या पेनाला टोपण होते. माझ्यापुढे मात्र अडचण होती. पडदा माझा होता, स्टूल माझे होते. पण ‘हे मला झालं होतं’ हे वाक्य मला म्हणता येत नव्हते. म्हणून मी ते थोडे बदलून घेतले. हवा भरता भरता मी सांगे: आमच्या एका ब्रदरना हे झालं होतं. रोगी विचारत, मग काय झालं त्यांचं? मी सांगे, तेवीस आजार पचवून अक्कलकोटला मजेत आहेत. मग ते बोलू लागत.

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी बाहेरच्या बाकावर ते दिसले. रोग्यांच्या रांगेत, बाह्या दोनदा दुमडलेल्या, खिसा स्वच्छ. शेजारी त्यांच्या पत्नी. मला पाहून ते उठले, तेव्हा डावा पाय जरा जपून टाकला. पत्नीच म्हणाल्या, चालले की पोटरी दुखते, थांबले की बरी होते. पायांवर सूजही येते. चार महिने सांगते आहे, ऐकत नाहीत. ब्रदर छताकडे पाहत होते.

“मला काय होतंय,” ते म्हणाले. “हिला बाजारात यायचं होतं, म्हणून आलो.”

मी त्यांना खाटेवर बसवले. दाब मोजला, होता त्याहून पुष्कळ कमी असायला हवा होता. लघवीचा नमुना पाठवला. मग त्यांचे पाऊल दोन्ही हातांत घेतले आणि डोळे मिटले. उजवीकडे नाडी लागली, पुसटशी. खिशातून पेन काढून मी तिथे ठिपका काढला. डावीकडे बराच वेळ शोधली. डोळे उघडले तेव्हा ब्रदर माझ्या बोटांकडे पाहत होते. मी कुठे शोधते आहे, कसे शोधते आहे आणि मला काय सापडलेले नाही, हे त्यांच्याइतके कुणालाच कळत नव्हते.

“बाकी सगळं ठीक?” मी विचारले.

“ठीक,” ते म्हणाले. मान वर न करता.

मी पट्टा गुंडाळून ठेवला. “ब्रदर,” मी म्हटले, “हे आमच्या एका ब्रदरना झालं होतं.”

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते हसले; डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पूर्वी मेंढपाळासमोर सगळा वॉर्ड हसला होता तसे. बाहेरून त्यांच्या पत्नीने काय झाले म्हणून विचारले. त्यांनी डोळे पुसले, उजव्या पायावरच्या निळ्या ठिपक्याकडे थोडा वेळ पाहिले आणि पाय खाटेवर वर घेतले.

“पडदा नीट ओढा, अक्का,” ते म्हणाले.

मी पडदा ओढला, स्टूल फिरवले आणि पाठ करून बसले.